वाणीचे शिक्षण आणि सोलापूरची महाविद्यालये

लोकशाही राज्यात शिक्षणाने नागरिकाला वाचता-लिहिता करावे, याबद्दल दुमत नाही. त्याला बोलते करणे हेही शिक्षणाचेच कार्य आहे, याची जाणीव मात्र उशिरा झाली आणि अजूनही ती पुरेशी रुजलेली नाही. महाविद्यालयात विद्यार्थी वर्षाकाठी शेकडो पाने लिहितो. परंतु चार लोकांसमोर उभे राहून एक विचार सलग मांडण्याचा आणि त्यावरील आक्षेपाला शांतपणे उत्तर देण्याचा प्रसंग त्याच्यावर एकदाही न येता तो पदवीधर होऊ शकतो. पुढे नोकरीच्या मुलाखतीत, ग्रामसभेत, सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत किंवा न्यायालयात त्याची परीक्षा होते ती मात्र बोलण्याचीच. तेथे जो अडखळतो त्याचे म्हणणे खरे असूनही मागे पडते, आणि जो सफाईने बोलतो त्याचे म्हणणे पोकळ असूनही पुढे जाते. वाणीचे शिक्षण हा केवळ कलेचा प्रश्न नसून न्यायाचाही प्रश्न आहे तो याच कारणाने.

वक्तृत्व, वादविवाद, नभोवाणी आणि दूरदर्शन या चार विषयांचे महाविद्यालयीन शिक्षण हा या व्याख्यानाचा विषय आहे. त्याचा विचार सोलापूरच्या संदर्भात करण्यास विशेष कारण आहे. महाराष्ट्राच्या दक्षिण सीमेवरील हे शहर जितक्या भाषांतून बोलते तितक्या भाषांतून राज्यातील फार थोडी शहरे बोलत असतील.

चार भाषांचे शहर

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी वळणाची उर्दू या चारही भाषा घराघरांत बोलल्या जातात. कर्नाटकाची सीमा जवळच असल्याने आणि अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड कुटुंबे मोठ्या संख्येने असल्याने कन्नड येथे परकी नाही. कापड उद्योगाच्या भरभराटीबरोबर तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी तेलुगू आणली आणि पूर्व भागात ती आजही नांदते आहे. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांनी शहराचे नाव दूरवर नेले. पण ज्या हातांनी ती विणली त्या माणसांच्या बोलण्यात किती भाषांचे धागे आडवे-उभे गुंफले गेले आहेत, याची कल्पना बाहेरच्यांना क्वचितच असते.

या परिस्थितीचा एक परिणाम महाविद्यालयात दिसतो. घरी तेलुगू, गल्लीत उर्दू, शाळेत मराठी आणि पाठ्यपुस्तकात इंग्रजी अशा वातावरणात वाढलेला विद्यार्थी चार भाषा समजू शकतो, तरीही व्यासपीठावर उभा राहिला की कोणत्या भाषेत बोलावे हेच त्याला उमगत नाही. आपली मराठी शुद्ध नाही, इंग्रजी पुरेशी नाही आणि घरची भाषा येथे चालणार नाही, अशी त्याची तिहेरी कोंडी होते. परिणामी चार भाषांचा धनी असलेला हा तरुण चारचौघांत मुका राहतो. ही कोंडी फोडणे हे सोलापूरमधील वाणीशिक्षणाचे पहिले काम होय.

वाणीचा वारसा

वास्तविक या भूमीत मौनाची परंपरा कधीच नव्हती. सोलापूरचे ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वर हे स्वतः बाराव्या शतकातील कन्नड वचनकार होते. महात्मा बसवेश्वरांचे वास्तव्य जिल्ह्यातील मंगळवेढे येथे होते. पुढे कल्याण येथील अनुभवमंटपात भिन्न भिन्न जातींचे व व्यवसायांचे स्त्री-पुरुष एकत्र बसून धर्म आणि जीवन यांवर संवाद करीत, अशी परंपरा सांगते. पंढरपूरच्या वाळवंटातील कीर्तनाने तर निरक्षर श्रोत्यालाही सूक्ष्म विचार समजावून देण्याची एक पूर्ण पद्धतीच सिद्ध केली. नमन, पूर्वरंगातील निरूपण, उत्तररंगातील आख्यान ही नारदीय कीर्तनाची मांडणी पाहिली, तर आधी सिद्धांत, मग दृष्टांत हा भाषणशास्त्राचा नियम त्यात सहज दिसून येतो.

शाहीर राम जोशी सोलापूरचे. लावणीचा फड गाजविणारे हे पंडित कवी उत्तरायुष्यात कीर्तनाकडे वळले. म्हणजे लोकरंजन आणि लोकशिक्षण या दोन्ही वाटा एकाच वाणीने चालून दाखविल्या. १९१६ मध्ये बार्शी येथे जन्मलेल्या शाहीर अमर शेख यांच्या बुलंद आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मैदानेच्या मैदाने भारून टाकली. अलीकडच्या काळात प्राध्यापक, समीक्षक आणि वक्ते म्हणून डॉ. निर्मलकुमार फडकुले यांनी सोलापूरचे नाव व्याख्यानांच्या व्यासपीठावर उंचावले.

या शहराने बोलण्याची किंमतही मोजली आहे. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. यांपैकी कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ या पत्राचे संपादक होते. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने भाषण व अभिव्यक्ती यांचे जे स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकाला दिले आहे, त्यामागे अशी चार घराण्यांची आहुती आहे. या स्वातंत्र्याचा वापर करण्यास समर्थ नागरिक घडविणे हे त्या स्मृतीचे खरे जतन ठरेल.

वक्तृत्वसभेपासून विद्यापीठापर्यंत

इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे १८१५ मध्ये आणि ऑक्सफर्ड येथे १८२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या वादविवादसभा स्थापन झाल्या. त्या अभ्यासक्रमाचा भाग नव्हत्या. पण संसदेत बोलणारी पिढीच्या पिढी तेथे तयार झाली. अमेरिकेत १९१४ मध्ये सार्वजनिक भाषणकलेच्या प्राध्यापकांनी इंग्रजीच्या प्राध्यापकांपासून वेगळे होऊन स्वतःची संघटना उभारली आणि त्यानंतर भाषण हा तेथील विद्यापीठांतून स्वतंत्र विषय म्हणून रुजला. महाराष्ट्रात न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. गावोगावच्या व्याख्यानमालांनी हे लोण पसरविले, आणि ऐकणारा समाज महाराष्ट्रात निर्माण झाला. ऐकणाऱ्यांतून बोलणारे घडविण्याचे काम महाविद्यालयांनी करावयाचे होते.

ते काम आधी वृत्तपत्रविद्येच्या मार्गाने सुरू झाले. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये अमेरिकन प्राध्यापक रोलँड वूल्सली यांच्या मार्गदर्शनाखाली पत्रकारितेचा विभाग निघाला. पुणे विद्यापीठाने १९६४ मध्ये हा विषय हाती घेतला आणि रानडे इन्स्टिट्यूटची वास्तू मराठी पत्रकारांच्या अनेक पिढ्यांना परिचित झाली. पुण्यातील चित्रपट संस्थेत १९७४ मध्ये दूरदर्शन प्रशिक्षणाचा विभाग दिल्लीहून आला.

सोलापुरात उच्च शिक्षणाचा पाया दयानंद महाविद्यालयाने १९४० मध्ये घातला. १९५३ मध्ये संगमेश्वर महाविद्यालय सुरू झाले. या महाविद्यालयांचे विद्यापीठीय नाते प्रथम मुंबईशी, मग पुण्याशी आणि १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी जोडले गेले. १ ऑगस्ट २००४ रोजी केवळ एका जिल्ह्यासाठी सोलापूर विद्यापीठाची स्थापना झाली. २०१९ मध्ये त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. या विद्यापीठात तसेच वालचंद कला व शास्त्र महाविद्यालयात जनसंज्ञापनाचे शिक्षण दिले जाते. जे शिकण्यासाठी पूर्वी पुणे किंवा मुंबई गाठावी लागे, ते आता विणकराच्या आणि शेतकऱ्याच्या मुलीला घरून ये-जा करून शिकता येते. प्रश्न उरतो तो हा की, या शिक्षणात नेमके काय शिकवावे आणि ते किती जणांपर्यंत पोहोचावे.

वक्तृत्व: ढालीपलीकडे

बहुतेक महाविद्यालयांत वक्तृत्व म्हणजे वक्तृत्व स्पर्धा असे समीकरण होऊन बसले आहे. शाळेपासून नाव असलेले दोन-तीन विद्यार्थी निवडले जातात. अनेकदा प्राध्यापकच भाषण लिहून देतात, विद्यार्थी ते पाठ करतात, आणि फिरता करंडक किंवा ढाल महाविद्यालयाच्या कपाटात येते. कपाटाची शोभा वाढते. परंतु शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्याला त्याचा काहीही लाभ होत नाही. शिवाय पाठ केलेले भाषण एक वाक्य विसरले की कोसळते, कारण वक्त्याच्या मनात शब्द असतात, विचाराचा क्रम नसतो.

स्पर्धा असाव्यात, पण त्या शिक्षणाचे फळ असाव्यात, शिक्षणाची जागा घेणाऱ्या नसाव्यात. अभ्यासक्रम म्हणून वक्तृत्व शिकवायचे तर त्याचे भाग अगदी साधे आहेत. पहिला भाग श्वासाचा. छातीत वरच्या वर घेतलेला श्वास वाक्याच्या मध्येच संपतो आणि वाक्याचा शेवट गिळला जातो. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्याने नेमका अर्थच हरवतो. ‘पाणी सोडण्यात येणार’ एवढे ऐकू आले आणि ‘नाही’ ऐकू आले नाही, तर श्रोत्याचा केवढा गैरसमज होईल! दुसरा भाग उच्चारांचा आणि विरामांचा. तिसरा भाग मांडणीचा: एका भाषणात एक मुख्य मुद्दा, त्याला दोन-तीन आधार, प्रत्येक आधाराला एक उदाहरण. चौथा भाग टिपणाचा. पूर्ण भाषण लिहून वाचण्याऐवजी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच शब्द लिहून त्यांच्या आधारे बोलण्याची सवय लागली, की विसरण्याची भीती निम्म्याने कमी होते.

अशा वर्गात प्रत्येकाला बोलावेच लागते. पहिल्या आठवड्यात जागेवर बसूनच अर्धा मिनिट, पुढे उभे राहून एक मिनिट, मग फळ्याजवळ तीन मिनिटे, अशा पायऱ्यांनी गेल्यास सर्वांत बुजरा विद्यार्थीही वर्षाअखेरीस पाच मिनिटे बोलू शकतो. ढालीपेक्षा हे यश मोठे आहे.

वादविवाद: दोन्ही बाजूंचा अभ्यास

वक्तृत्वात बोलण्याला महत्त्व आहे, तर वादविवादात ऐकण्याला. प्रतिपक्षाचा मुद्दा ज्याने नीट ऐकला नाही त्याला त्याचे खंडन करताच येत नाही. पहिली घंटा सूचनेची आणि दुसरी समाप्तीची. या दोन घंटांच्या मर्यादेत आपला मुद्दा मांडणे, विरुद्ध मुद्द्याला उत्तर देणे आणि आवाज न चढविता बसणे, हे संयमाचे शिक्षण अन्य कोणत्याही विषयात मिळत नाही.

सोलापूर जिल्ह्याला विषयांची वाण नाही. पावसाची अवकृपा असलेल्या या जिल्ह्यात साखर कारखाने मोठ्या संख्येने आहेत. ‘अवर्षणप्रवण जिल्ह्यात उसाच्या लागवडीवर मर्यादा असावी’ हा एकच विषय घेतला, तरी विद्यार्थ्याला किती गोष्टी तपासाव्या लागतील! भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट आहे. एवढीच संख्या घेऊन जो बोलेल, त्याला प्रतिपक्ष लगेच विचारील की यांपैकी वापरण्याजोगे पाणी किती? कारण त्यातील जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा आहे आणि उपयुक्त साठा सुमारे ५४ टीएमसीच भरतो. दुष्काळी वर्षात उजनी ‘वजा’ झाल्याची जी बातमी येते, तिचा अर्थ धरण कोरडे पडले असा नसून पाणी मृतसाठ्याच्या पातळीखाली उतरले असा असतो. हा फरक ज्याला कळला त्याला आकडा आणि त्याचा अर्थ यांतील अंतर कळले. जो केवळ आकडा फेकतो तो वादविवादात हरतोच, पण पुढे सार्वजनिक जीवनात असे आकडे फेकणारा निवडून आला तर समाज हरतो.

उत्तम पद्धत अशी की, विद्यार्थ्याला बाजू आधी सांगू नये. त्याने दोन्ही बाजू तयार कराव्यात आणि चिठ्ठी उचलल्यावर जी येईल ती मांडावी. ऊस उत्पादकाच्या मुलाला मर्यादेच्या बाजूने बोलावे लागले, म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याचे दुःख त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीला उसाची बाजू मांडावी लागली, म्हणजे हमीचा पैसा देणारे पीक सोडणे किती कठीण असते हे तिला समजते. मत बदलले नाही तरी दृष्टी रुंदावते. ‘हे पद्धतशीर दुटप्पीपण नाही का?’ असा आक्षेप कधी कधी घेतला जातो. तो रास्त नाही. विरुद्ध बाजूचे सर्वांत बळकट रूप जाणून घेतल्यावर जे मत टिकते तेच मत या नावाला पात्र असते. बाकी सारा हट्ट असतो.

नभोवाणी: कानासाठी लेखन

२३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्रावरून भारतात संघटित नभोवाणीस प्रारंभ झाला. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले आणि त्याच केंद्राच्या क्षेत्रात १९५६ मध्ये एक संस्मरणीय प्रयोग झाला. युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन करण्यात आली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकावयाचा, त्यावर चर्चा करावयाची आणि शक्य ते कृतीत आणावयाचे, अशी ती योजना होती. तिचे मूल्यमापन पॉल न्यूरथ यांनी केले. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या ज्ञानात लक्षणीय भर पडली. केवळ रेडिओ असून मंडळ नसलेल्या गावांत ती त्या मानाने फारच थोडी होती. यातून मिळणारा धडा मोलाचा आहे: यंत्र माहिती पोहोचविते, परंतु तिचे ज्ञानात रूपांतर होते ते माणसांच्या आपापसांतील बोलण्यातून. नभोवाणी आणि चर्चा हे विषय एकाच अभ्यासक्रमात का असावेत, याचे उत्तर या प्रयोगात आहे.

नभोवाणीसाठी लिहिणे हे वृत्तपत्रासाठी लिहिण्याहून वेगळे शास्त्र आहे. वाचकाला वाक्य कळले नाही तर तो पुन्हा मागे जातो; श्रोत्याला ती सोय नाही. म्हणून वाक्ये लहान हवीत आणि एका वाक्यात एकच गोष्ट हवी. दहा मिनिटांच्या भाषणात हजाराच्या आसपास शब्द बसतात. त्यात दहा आकडे कोंबले तर एकही लक्षात राहत नाही. ‘त्रेपन्न पूर्णांक सत्तावन्न शतांश’ असे म्हणण्याऐवजी ‘सुमारे चोपन्न’ म्हणावे. अचूकपणा कागदावर ठेवावा, कानाला अर्थ द्यावा. ध्वनिक्षेपकापासून वीतभर अंतर ठेवावे, ‘प’, ‘फ’, ‘ब’, ‘भ’ या वर्णांचा फटका थेट त्यावर बसू देऊ नये, कागद उलटताना त्याची सळसळ होऊ देऊ नये, अशा बारीकसारीक गोष्टी पुस्तकात वाचून येत नाहीत. ध्वनिमुद्रण करून स्वतःचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकण्याखेरीज त्यांना दुसरा उपाय नाही. पहिल्यांदा आपला आवाज ऐकणारा प्रत्येक विद्यार्थी दचकतो; दहाव्या वेळी तो सुधारणेची जागा शोधू लागतो.

सोलापुरात आकाशवाणीचे केंद्र आहे, ही या शिक्षणाच्या दृष्टीने मोठी सोय आहे. उद्घोषणा, बातमीपत्र, मुलाखत, रूपक, श्रुतिका हे सर्व प्रकार जवळून पाहता येतात. त्याशिवाय सामुदायिक नभोवाणीचा मार्गही खुला आहे. २००२ च्या धोरणाने शैक्षणिक संस्थांना आणि २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही असे केंद्र चालविण्याची मुभा मिळाली. शेजारच्या सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे २००८ पासून ‘माणदेशी तरंग’ हे केंद्र माणदेशाच्या बोलीत बोलत आहे. दुष्काळी पट्ट्यातील स्त्रिया ध्वनिक्षेपकासमोर बसून आपला अनुभव सांगू शकतात, हे त्याने दाखवून दिले.

दूरदर्शन: डोळ्यांसाठी लेखन

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ या उपग्रह प्रयोगाद्वारे सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. त्यांत कर्नाटकातील विजापूर आणि गुलबर्गा हे सोलापूरला लागून असलेले जिल्हे होते. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवरून प्रक्षेपित होऊ लागले आणि ते तयार करणाऱ्या केंद्रांत पुणे विद्यापीठाच्या केंद्राचाही समावेश होता. त्या कार्यक्रमांची भाषा प्रामुख्याने इंग्रजी होती. तालुक्याच्या गावातील विद्यार्थी ते पाहत असे. पण त्यांत त्याचे गाव आणि त्याची बोली नसे. ही उणीव भरून काढणे आज प्रथमच स्थानिक महाविद्यालयांच्या हाती आले आहे, कारण जे चित्रीकरण पूर्वी अवजड कॅमेऱ्याशिवाय शक्य नव्हते ते आता विद्यार्थ्याच्या खिशातील दूरध्वनीवर होते.

साधन सोपे झाले म्हणून विद्या सोपी होत नाही. चित्रासाठी लिहिण्याचा पहिला नियम असा की, जे दिसते ते शब्दांनी पुन्हा सांगू नये. यंत्रमाग चालताना दिसत असेल तर ‘येथे यंत्रमाग चालू आहे’ हे वाक्य व्यर्थ आहे. त्या मागावर किती तासांची पाळी असते, सततच्या खडखडाटाचा कानांवर काय परिणाम होतो, हे निवेदनाने सांगावे. दुसरा नियम नीतीचा. कुंभारी येथील विडी कामगार स्त्रियांच्या वसाहतीत कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने आधी परवानगी घ्यावी, चित्रीकरण कशासाठी आहे ते सांगावे, आणि त्या स्त्रीचे म्हणणे तोडून त्याचा अर्थ बदलणार नाही याची काळजी घ्यावी. कोणाचे तरी बोलणे आपल्या हातात आहे ही जाणीव नसलेला तंत्रज्ञ कुशल असेल, पण सुशिक्षित म्हणता येणार नाही. आज कोणीही काहीही ध्वनिमुद्रित करून क्षणात हजारोंना धाडू शकतो. खऱ्या-खोट्याची शहानिशा करण्याची सवय हा म्हणूनच या अभ्यासक्रमाचा ऐच्छिक नव्हे, तर अनिवार्य भाग असला पाहिजे.

प्रमाण उच्चार आणि घरची बोली

वाणीच्या शिक्षणात एक नाजूक प्रश्न नेहमी उभा राहतो. ‘काय करायलास?’ असे विचारणारा सोलापूरचा मुलगा पुण्याच्या व्यासपीठावर गेला की श्रोते गालातल्या गालात हसतात आणि तो पुन्हा बोलत नाही. मग शिक्षणाने त्याची बोली पुसून टाकावी काय? तसे करणे अनावश्यक आहे आणि अन्यायाचेही आहे. बातमीपत्रासाठी प्रमाण मराठी आवश्यक आहे, कारण ते कोकणापासून विदर्भापर्यंत सर्वांना सारखेच कळले पाहिजे. ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’, ‘श’ आणि ‘स’ यांचा भेद त्यासाठी सरावाने साध्य होतो. मात्र शेतकऱ्याची मुलाखत, श्रुतिका, स्थानिक वार्तापत्र येथे बोलीच अधिक प्रामाणिक वाटते. प्रसंग ओळखून भाषा बदलता येणे ही वक्त्याची सिद्धी होय. जो चार भाषांत वाढला त्याला ही सिद्धी इतरांपेक्षा लवकर लाभावी. त्यासाठी त्याच्या घरच्या भाषेला कमीपणा न देणारा वर्ग मात्र हवा.

याच दृष्टीने सोलापूरच्या अभ्यासक्रमात कन्नड, तेलुगू आणि उर्दू यांनाही स्थान मिळावे. डेंग्यूच्या साथीची सूचना, मतदार नोंदणीची माहिती किंवा शिष्यवृत्तीची मुदत पूर्व भागातील आजीला तेलुगूत कळली तर ती उपयोगी पडते. एकच निवेदन दोन भाषांत तयार करण्याचा सराव हा सोलापूरच्या विद्यार्थ्याचा खास विषय होऊ शकतो, आणि अशा दुभाषी निवेदकाची गरज सीमाभागात सतत राहणार आहे.

पुढील वाट

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमात भाषिक क्षमता आणि कौशल्य वाढविणाऱ्या विषयांना श्रेयांकांसह स्थान मिळाले आहे. या तरतुदीचा उपयोग वाणीशिक्षणासाठी करून घेता येईल. त्याकरिता फार मोठा खर्च लागत नाही. पहिल्या वर्षात कला, वाणिज्य, विज्ञान अशा सर्व शाखांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सत्रात किमान चार वेळा बोलावयास लावणे. दुसऱ्या वर्षी जिल्ह्यातील प्रश्नांवर दोन्ही बाजू तयार करून वादविवाद. आणि तिसऱ्या वर्षी ज्यांना रस आहे त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रण व चित्रीकरण यांचे प्रात्यक्षिक, अशी तीन टप्प्यांची रचना बहुतेक महाविद्यालयांना झेपेल. रिकामी खोली, जाड पडदे, एक चांगला ध्वनिक्षेपक आणि एक संगणक एवढ्यात ध्वनिमुद्रणाची सोय होते. सोलापुरात तर जाड कापडाची उणीव असण्याचे कारण नाही.

परीक्षेची पद्धत मात्र बदलावी लागेल. ‘वक्तृत्वाचे गुण सविस्तर लिहा’ असा प्रश्न विचारून वक्तृत्वाची परीक्षा होत नाही. पोहण्याची परीक्षा कागदावर घेण्यासारखेच ते आहे. गुण बोलण्याला, ऐकण्याला आणि तयारीला द्यावे लागतील. मोठ्या वर्गात प्रत्येकाला वेळ कसा द्यावयाचा, हा प्राध्यापकांचा प्रश्न रास्त आहे. आठ-दहा जणांचे गट करून विद्यार्थ्यांनीच एकमेकांचे भाषण ऐकावे, ठरलेल्या निकषांवर नोंद करावी आणि प्राध्यापकांनी गटागटांतून फिरावे, हा त्यावरील व्यवहार्य उपाय आहे.

अशा शिक्षणातून काही निवेदक, वार्ताहर आणि निर्माते तयार होतील, हे उघड आहे. तरी त्यांची संख्या थोडीच राहणार. खरा लाभ इतरांचा आहे. गावच्या सभेत पाण्याच्या पाळीबद्दल निर्भयपणे प्रश्न विचारणारी तरुणी, कारखान्यात कामगारांचे म्हणणे मुद्देसूद मांडणारा युवक, रुग्णाला त्याच्या भाषेत आजार समजावून सांगणारी परिचारिका, विरोधकाचे बोलणे पुरते ऐकून घेऊन मग उत्तर देणारा सरपंच, हे या अभ्यासक्रमाचे खरे पदवीधर होत. ज्या शहराने विणलेले वस्त्र देशभर गेले, त्या शहराची वाणीही तितक्याच सुबकतेने आणि तितक्याच दूरवर जावी, एवढी क्षमता येथील तरुण पिढीत निश्चित आहे. तिला संधी देणे हे महाविद्यालयांचे आणि विद्यापीठाचे कर्तव्य आहे. आणि ती संधी घेऊन उभे राहणे, पहिले वाक्य उच्चारणे, हे विद्यार्थ्यांचे.